पुण्याचा हायड्रा आणि डीएनएची डागडुजी

आजचा विषय आहे मूलपेशी, म्हणजे स्टेम सेल. रील्स बघत असाल तर ‘झिजलेला गुडघा परत तयार करा’ छापाच्या जाहिराती तुमच्यापर्यंतही आल्या असतील. सगळे पेशी वाढवण्याबद्दल बोलतात. पण वाढताना त्या पेशींच्या डीएनएचं काय होतं? आज त्याबद्दल बोलू. आणि त्यासाठी फार लांब जायची गरज नाही, आगरकर रस्त्यापर्यंत गेलं तरी पुरे.

तिथे आघारकर संशोधन संस्था आहे. रस्ता गोपाळ गणेश आगरकरांच्या नावाचा, संस्था वनस्पतिशास्त्रज्ञ शंकर पुरुषोत्तम आघारकरांच्या. यात भले भले पुणेकर घोळ घालतात! १९४६ साली सुरू झालेल्या या संस्थेत डॉ. सुरेंद्र घासकडबी यांच्या गटाने बरीच वर्षं हायड्रावर काम केलं.

हायड्रा आठवतोय ना? शाळेत मुकुलायनाच्या धड्यात आकृती काढली होती तोच. गोड्या, संथ पाण्यात पाणवनस्पतींना चिकटून राहणारा, जेमतेम सेंटीमीटरभर लांबीचा जीव. खाली चिकटायला पाय, वर तोंड आणि भोवती शुंडके. आपल्याकडच्या हायड्राचं शास्त्रीय वर्णन या गटाने २०११ मध्ये प्रसिद्ध केलं आणि आज शोधनिबंधांत त्याचं नाव येतं ‘हायड्रा व्हल्गॅरिस इंड-पुणे’. आपल्या शहराचं नाव लावणारा प्राणी!

याची खासियत म्हणजे पुनर्जनन. मधोमध कापा, वरच्या तुकड्याला पाय येतो आणि खालच्याला डोकं. अब्राहम ट्रेंबली यांनी हे १७४० च्या दशकातच दाखवलं होतं. पुढे १९७२ मध्ये तर शास्त्रज्ञांनी हायड्राच्या पेशी सुट्ट्या केल्या, त्यांचा गोळा केला आणि त्या गोळ्यातून परत हायड्रा तयार झाले.

दुसरी गोष्ट त्याहून भारी. हायड्रा म्हातारा होत नाही, निदान मोजता येईल असा तरी नाही. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात २,२५६ हायड्रांवर वर्षानुवर्षं लक्ष ठेवलं होतं. वय वाढलं म्हणून मरण्याचं प्रमाण वाढलं, असं दिसलंच नाही. कारण त्याच्या मूलपेशी सतत विभागत असतात आणि साधारण तीन आठवड्यांत जवळजवळ सगळं शरीर नवं होतं.

आता इथे थांबून जरा विचार करा. पेशी विभागते तेव्हा अख्ख्या डीएनएची नक्कल करते. माणसात ती तीन अब्जांहून जास्त अक्षरांची. नक्कल म्हटली की चुका आल्या. शिवाय ऊन, रसायनं आणि पेशीतलीच रोजची कामं यामुळे एकेका पेशीच्या डीएनएला दिवसाला हजारो इजा होतात. दुरुस्ती नसती, तर सतत विभागणारा हायड्रा चुकांच्या ढिगाखाली कधीच संपला असता.

म्हणून पुण्याचं काम मला महत्त्वाचं वाटतं. घासकडबींच्या गटाने आणि पुणे विद्यापीठातल्या सहकाऱ्यांनी हायड्रात डीएनए दुरुस्तीची जनुकं शोधली. त्यातलं एक म्हणजे एक्सपीएफ. त्यापासून बनणारं प्रथिन कात्रीसारखं काम करतं. डीएनएचा खराब झालेला तुकडा दोन्ही बाजूंनी कापून काढतात आणि रिकामी जागा समोरच्या शाबूत धाग्यावरून भरतात. त्यातला एका बाजूचा काप एक्सपीएफचा. माणसात या दुरुस्तीत जन्मतः बिघाड असेल, तर झेरोडर्मा पिगमेंटोसम नावाचा आजार होतो. साधं ऊन सोसत नाही आणि त्वचेच्या कॅन्सरचा धोका खूप वाढतो.

२०१३ च्या निबंधात या मंडळींनी दाखवलं की हायड्राचं एक्सपीएफ आपल्यासारख्या पाठीचा कणा असलेल्या प्राण्यांच्या एक्सपीएफशी खूप मिळतंजुळतं आहे. आणि ते जास्त कुठे आढळलं? शरीराच्या मधल्या भागात, जिथे मूलपेशी राहतात. त्यातही भराभर विभागणाऱ्या इंटरस्टिशिअल पेशींत. म्हणजे जिथे काम जास्त, तिथे दुरुस्तीची तयारीही जास्त. हायड्रा म्हातारा का होत नाही याचं हे पूर्ण उत्तर नाही, तो एक दुवा आहे. हायड्राला गाठीसुद्धा होतात, हेही २०१४ मध्ये दिसलं आहे.

आता माणसाकडे येऊ. २०१४ मध्ये जपानात मासायो ताकाहाशी यांच्या गटाने एका वृद्ध महिलेच्या त्वचेच्या पेशी मागे नेऊन मूलपेशींसारख्या केल्या, त्यांपासून डोळ्याच्या पडद्यामागच्या पेशी बनवल्या आणि त्यांचा पातळ थर तिच्याच डोळ्यात बसवला. जगात असं पहिल्यांदाच झालं. वर्षभराने थर जागेवर होता. नजर सुधारली नाही, पण बिघडलीही नाही. मग दुसऱ्या पेशंटची वेळ आली. पेशी तयार होत्या, पण तपासणीत त्यांच्या डीएनएत बदल सापडले. गटाने ऑपरेशन केलंच नाही. आम्ही सॉफ्टवेअरवाले टेस्ट फेल झाली की रिलीज थांबवतो, तसंच. फरक एवढाच, की आमचं रिलीज मागे घेता येतं. डोळ्यात बसवलेल्या पेशी मागे घेणं इतकं सोपं नाही.

जगातल्या नावाजलेल्या गटाने स्वतःच हात आखडता घेतला. आणि इकडे जाहिरातीत एका पॅकेजमध्ये गुडघे, ऑटिझम आणि मधुमेह, सगळंच बरं करून मिळतं! आयसीएमआरची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं स्पष्ट आहेत. रक्ताच्या काही आजारांसाठी होणारं रक्त तयार करणाऱ्या मूलपेशींचं प्रत्यारोपण, म्हणजे बोन मॅरो ट्रान्सप्लांट, हा मान्य उपचार आहे. बाकी मूलपेशींच्या उपचारांना तेव्हा फक्त मंजुरी मिळालेल्या क्लिनिकल ट्रायलमध्येच परवानगी होती.

त्यामुळे घरात कोणी असा उपचार घ्यायचं म्हणत असेल, तर तीन प्रश्न विचारा. एक, ही ट्रायल आहे का आणि सीटीआरआय या सरकारी नोंदणीत तिचा क्रमांक काय? तो ऑनलाइन, फोनवरूनही तपासता येतो. दोन, ट्रायल असेल तर उपचाराचे पैसे का मागताय? तीन, पेशी प्रयोगशाळेत वाढवल्या असतील, तर त्यांच्या डीएनएची तपासणी झाली का आणि तिचा रिपोर्ट कुठे आहे? उत्तरादाखल नुसते हसरे फोटो दाखवले, तर सरळ उठून या. आशेवर असलेल्या माणसाला हे सांगणं जड जातं, मान्य आहे. पण त्या आशेचीच किंमत लावली जाते, म्हणून सांगायलाच हवं.

पेशी वाढणं ही अर्धीच गोष्ट आहे. वाढताना डीएनए शाबूत राहणं ही उरलेली अर्धी, आणि हायड्रा दोन्ही एकदम सांभाळतो.

आजच्यापुरतं एवढंच. हा भाग घरच्या ग्रुपवर नक्की टाका, विशेषतः ‘स्टेम सेल’वाले फॉरवर्ड जिथे येतात तिथे. भेटू पुढच्या भागात!