ॲप बनवून झालं, आता सांभाळणार कोण?

आजच्या विषयाचं नाव ऐकूनच जांभई येईल: ॲप्लिकेशन मॅनेजमेंट सर्व्हिसेस. पण स्किप करू नका. गाडी घेतली की सर्व्हिसिंग आलंच ना? ॲपचंही तसंच.

आपल्या जिल्ह्याचंच घ्या. फेब्रुवारी २०२३ मध्ये उस्मानाबाद शहराचं नाव धाराशिव झालं, सप्टेंबरमध्ये जिल्ह्याचं. पाटी रंगवायला एक दिवस पुरतो. ॲपचं काय? जिल्ह्यांच्या यादीत नवं नाव घालायचं, शिवाय जुना डेटा त्याला जोडायचा. तुमचा जुना दाखला उस्मानाबादचा, नवा फॉर्म धाराशिवचा. दोन्ही एकच, हे सिस्टीमला कुणी सांगितलंच नसेल तर ती सरळ म्हणणार, ‘माहिती जुळत नाही’. त्यात शिष्यवृत्तीची शेवटची तारीख असली तर? चूक पोराची नाही, पण हेलपाटे त्यालाच.

म्हणून चांगली सिस्टीम नावावर नाही, कोडवर चालते. गाड्यांचं बघा ना. जिल्ह्याचं नाव बदललं, नंबरप्लेटवर एमएच-२५ तेच राहिलं! केंद्राच्या लोकल गव्हर्नमेंट डिरेक्टरीतही प्रत्येक जिल्ह्याला, गावाला असाच कोड असतो.

हे सांभाळण्याचं काम मोठ्या कंपन्या वर्षानुवर्षांच्या करारावर घेतात. उदाहरण द्यायचं तर पासपोर्ट सेवा. २००८ मध्ये हे काम टीसीएसला मिळालं, २०२२ मध्ये पुढचा टप्पाही तिलाच. पासपोर्ट द्यायचा की नाही, हे सरकार ठरवतं. सिस्टीम चालू ठेवणं कंपनीकडे.

आत काय चालतं? तुमची तक्रार आली की तिचं ‘तिकीट’ बनतं. पासवर्डसारखे साधे प्रश्न पहिली फळी सोडवते. दुसरी फळी लॉग आणि डेटा तपासते. तिसरी थेट कोडमध्ये हात घालते. आणि किती तासांत उत्तर द्यायचं, हे करारातच लिहिलेलं असतं. त्यालाच म्हणतात एसएलए.

म्हणजे तुमची तक्रार नीट असेल, तर ती योग्य फळीपर्यंत लवकर जाते. नुसतं ‘ॲप चालत नाही’ लिहू नका. काय करत होतात, किती वाजता, कोणता एरर आला, ॲपचं व्हर्जन कोणतं, हे लिहा. स्क्रीनशॉट जोडा, पण आधार नंबर झाका. ओटीपी तर कुणालाच देऊ नका. तिकीट नंबर मात्र जपून ठेवा. पुढचा पाठपुरावा त्याच्यावरच होतो.

चला, भेटू पुढच्या भागात!