रत्नागिरीतली दोन घरं

श्रोतेहो, आम्हा नागपूरकरांना समुद्राचं भारी अप्रूप. अंबाझरी नाहीतर फुटाळ्याच्या काठावर उभं राहून आम्ही लाटांची हौस भागवून घेतो. त्यामुळे सावंतवाडीच्या कविसंमेलनाला जाताना वाटेत रत्नागिरीला पाच तास मिळाले, तेव्हा सोबतचे मित्र म्हणाले, "चला, आधी भाट्याच्या किनाऱ्यावर." मी म्हटलं, "समुद्र कुठे पळून जात नाही. आधी दोन घरं पाहू."

पहिलं घर टिळक आळीतलं. जांभ्या दगडाचं, कौलारू. १८५६ साली लोकमान्य टिळकांचा जन्म इथे झाला. दुसरं घर म्हणजे थिबा राजवाडा. लाल भिंती, कमानदार खिडक्या, उतरती छपरं. थिबा हा ब्रह्मदेशाचा शेवटचा राजा. त्याची राजधानी मंडाले. १८८५ साली इंग्रजांनी त्याला पदच्युत केलं, आधी मद्रासला नेलं आणि १८८६ साली रत्नागिरीला आणून ठेवलं. हा राजवाडा त्याच्यासाठी बांधून झाला तो १९१० साली, म्हणजे तब्बल चोवीस वर्षांनी.

आता गंमत बघा. गंमत तरी कशी म्हणावी? त्याच १९१० साली रत्नागिरीचे टिळक कुठे होते? मंडालेच्या तुरुंगात! १९०८ साली त्यांना सहा वर्षांची शिक्षा झाली होती. मंडालेचा राजा रत्नागिरीत आणि रत्नागिरीचा सुपुत्र मंडालेत. त्याच्याही आधी, १८५८ साली, दिल्लीच्या बहादुरशाह जफरला रंगूनला धाडलं होतं. माणसाला त्याच्या माणसांपासून आणि भाषेपासून तोडलं, की तलवार उपसावी लागत नाही, हे राज्यकर्त्यांना पक्कं ठाऊक होतं.

टिळकांनी त्या तुरुंगात 'गीतारहस्य' लिहिलं आणि १९१४ साली ते परत आले. थिबा परतला नाही. १९१६ साली तो रत्नागिरीतच वारला. त्याची कबरही तिथेच आहे.

राजवाड्याजवळ थिबा पॉइंट आहे. खाली भाट्याची खाडी, पलीकडे अरबी समुद्र. लोक हौसेनं फोटो काढतात. मी मात्र दिशांचा विचार करत होतो. डोळ्यांपुढचा समुद्र पश्चिमेला आणि राजाचा मुलूख पूर्वेला, पार पाठीमागे. एवढं सुंदर दृश्य, पण त्यात त्याचं गाव कुठेच नव्हतं.

या राजाची एक नात होती, टूटू. तिचे वडील रत्नागिरीचेच, मराठी माणूस. तिनं रत्नागिरीत संसार केला, मराठी बोलली आणि २००० साली तिथेच डोळे मिटले. जी जागा आजोबांची कैद होती, ती नातीचं माहेरही झाली आणि सासरही.

माझ्या घरी उर्दू बोलतात आणि मी कविता मराठीत लिहितो. "तुम्ही इतकं चांगलं मराठी कसं काय लिहिता?" असं लोक कौतुकानं विचारतात. त्या प्रश्नात 'तुम्ही' जरा मोठ्यानं ऐकू येतो. यापुढे मी त्यांना टूटूची गोष्ट सांगणार आहे. ज्या भाषेत आपण भाजीवाल्याशी भाव करतो, लेकराला रागे भरतो, ती भाषा आपली. तिचा सातबारा कुणी मागू नये.

श्रोतेहो, कोकणात जाल तेव्हा आंबे आणा, समुद्रात पायही भिजवा. पण तासभर वेळ काढून ही दोन घरं जरूर पाहा, आणि एकाच दिवशी पाहा.