खाचरातला वायू आणि दप्तरातला अंदाज



ज्या पुण्यात १९२८ साली सिमल्याहून हवामानखात्याचे दप्तर आले आणि ज्याच्या शेजारच्या सिंहगडावर पुढे कर्बवायूच्या मोजणीसाठी हवेचे नमुने घेतले गेले, त्या नगरीत या परिषदेसाठी मी आपले मनःपूर्वक स्वागत करतो. व्यवस्थेतील उणिवांबद्दल आगाऊ क्षमा मागण्याचा प्रघात पाळला, असे समजून मुद्द्यावर येतो.

भारतातील भातशेतीतून दरसाल सुमारे ३ कोटी ७८ लाख टन मिथेन हा पृथ्वी तापविणारा वायू बाहेर पडतो, असा अंदाज १९९०च्या सुमारास अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने वर्तवला. परदेशांतील मोजक्या शेतांवरून बेतलेल्या या आकड्याची पत खरे तर शिवारात पाऊल न टाकता चावडीत बसून ठरवलेल्या पिकाच्या आणेवारीइतकीच असावयाची. परंतु छापील आकड्याला आपोआप अधिकार येतो, आणि हवामानविषयक जागतिक करारमदार व्हावयाच्या ऐन वेळी आमचा अल्पभूधारक शेतकरी आरोपी ठरण्याची वेळ आली. तेव्हा राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेच्या डॉ. ए. पी. मित्रा यांच्या नेतृत्वाखाली १९९१ साली देशभरच्या खाचरांत प्रत्यक्ष मोजणी झाली. रोपांवर पारदर्शक पेटी ठेवावयाची, तिच्या बुडाशी पाणी भरून ती हवाबंद करावयाची, ठराविक अंतराने सिरिंजने आतील हवा ओढावयाची आणि ती प्रयोगशाळेत तपासावयाची, असे ते चिखलातले काम. साचलेल्या पाण्याखाली प्राणवायूवाचून जगणारे सूक्ष्मजीव मिथेन निर्माण करतात व तो भाताच्या पोकळ दांड्यांतून वर येतो. म्हणून सदैव तुंबलेल्या खाचरात तो पुष्कळ, मधूनमधून सुकणाऱ्या खाचरात अल्प. एकूण हिशेब भरला सुमारे ४० लाख टनांचा!

आकडा आपल्या सोयीचा निघाला, हे माझ्या लेखी गौण आहे; पाण्याचा निचरा कोठे करविला असता वायू घटेल, हे त्या मोजणीने दाखविले, हे मोठे. मोजणीची ही गरज भातापुरती नाही. जळालेल्या कोळशातून सुटणाऱ्या वायूचा हिशेब खरेदीच्या वहीवरून बराचसा बिनचूक लागतो. कचराडेपो, गोठे आणि खाचरे मात्र वहीला दाद देत नाहीत, आणि तरीही त्यांचे ताळेबंद पुस्तकी गुणांकांवर भागविले जातात. प्रत्येक आकड्यासोबत तो कोठे मोजला व त्यात चूक किती संभवते, हे नमूद झाल्यावाचून त्यावर कोणतीही तजवीज मंजूर होऊ नये, असा ठराव स्वागत समितीने परिषदेच्या विचारार्थ ठेवला आहे.

अध्यक्षमहाराजांनी स्थानापन्न होऊन कामकाजास प्रारंभ करावा, अशी विनंती करतो.