मैफल आणि वर्ग : डेव्हिड बेकर यांची जॅझशाळा



या शाळेत आयुष्यभर संगीत शिकवणाऱ्या एका गुरुजींच्या स्मृतिप्रीत्यर्थ ही व्याख्यानमाला चालते. त्यांच्या स्मृतीला साजेसा एकच प्रश्न आज मी आपल्यापुढे मांडणार आहे. जी विद्या कानाने, सहवासाने आणि प्रत्यक्ष मैफलीत मिळवायची, ती तासिका, अभ्यासक्रम आणि परीक्षा यांच्या चौकटीत शिकवता येते काय?

बडोदेकरांना हा प्रश्न नवा नाही. १८८६ साली सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने मौलाबक्ष यांनी येथे गायनशाळा सुरू केली आणि स्वरलिपीच्या साहाय्याने सामान्य घरातील मुलांना संगीत शिकवण्याचा घाट घातला. पुढे ती संस्था येथील विद्यापीठाचा भाग झाली. गाणे कागदावर उतरेल काय, ही शंका तेव्हापासून आपल्या सोबतीला आहे. आज मात्र या प्रश्नाचा विचार मी एका दूरच्या उदाहरणावरून करणार आहे. आपल्या घरातले भांडण शेजाऱ्याच्या अंगणात पाहिले की ते अधिक स्वच्छ दिसते.

अमेरिकेतील कृष्णवर्णीय समाजाने विसाव्या शतकाच्या आरंभी घडवलेले जॅझ हे संगीत आपल्या मैफलीप्रमाणेच आयत्या वेळच्या सुचण्यावर उभे आहे. एक ठरलेला स्वरसंघांचा क्रम, उदाहरणार्थ बारा मात्रागटांचा ‘ब्लूज’, आवर्तनासारखा फिरत राहतो आणि त्यावर प्रत्येक वादक आपली बढत करतो. ही विद्या मिळत असे ती रात्रीच्या क्लबांत, ज्येष्ठांच्या शेजारी उभे राहून. विद्यापीठांच्या संगीत विभागांत तिला फारसे स्थान नव्हते. टेक्सासमधील एका महाविद्यालयाने १९४७ साली या विषयाची पदवी सुरू केली तेव्हा तिला ‘नृत्यवाद्यवृंद’ असे नाव दिले. ‘जॅझ’ हा शब्द शिष्टसंमत नव्हता.

या पार्श्वभूमीवर डेव्हिड बेकर यांचे चरित्र पाहण्यासारखे आहे. त्यांचा जन्म १९३१ साली इंडियानापोलिस शहरात झाला. वर्णभेदाच्या धोरणातून केवळ कृष्णवर्णीय मुलांसाठी १९२७ साली उघडलेल्या क्रिस्पस अटक्स या शाळेत ते शिकले. अपमानातून जन्मलेल्या त्या शाळेत उच्चशिक्षित शिक्षक मोठ्या संख्येने होते, कारण अन्यत्र त्यांच्या योग्यतेच्या जागा त्यांना मिळत नसत. ट्रॉम्बोनवादनात युग निर्माण करणारे जे. जे. जॉन्सन हेही याच शाळेचे विद्यार्थी. शाळा काय करू शकते हे सांगायला याहून बोलके उदाहरण मला माहीत नाही.

बेकर यांचे वाद्यही ट्रॉम्बोनच. इंडियाना विद्यापीठात त्यांनी पाश्चात्त्य अभिजात संगीताचे रीतसर शिक्षण घेतले. परंतु सिम्फनी वाद्यवृंदांची दारे त्या काळी कृष्णवर्णीय वादकांना जवळजवळ बंद होती. १९५९ साली मॅसॅच्युसेट्समधील लेनॉक्स येथील जॅझ शिबिरात ते शिकले. पुढे जॉर्ज रसेल यांच्या ताफ्यात त्यांनी नाव कमावले. १९६१ साली निघालेल्या ‘एझथेटिक्स’ या ध्वनिमुद्रिकेत त्यांचे वादन ऐकायला मिळते. आणि ऐन उमेदीत हे वाद्य त्यांच्या हातून गेले. १९५३ साली मोटार-अपघातात जबड्याला झालेली इजा पुढे बळावत गेली आणि फुंकीचे वाद्य सोडणे भाग पडले. तिशी ओलांडत असताना त्यांनी चेलो हे गजाचे वाद्य हाती घेतले आणि मुळाक्षरांपासून सुरुवात केली.

१९६६ साली त्याच इंडियाना विद्यापीठाने त्यांना अध्यापक म्हणून बोलावले आणि १९६८ साली जॅझची पदवी सुरू झाली. सिद्धहस्त वादक असून नव्या वाद्यावर ज्याने पुन्हा स्वर शोधले, त्या माणसाला विद्यार्थ्याचे बोट कोठे अडते हे कळणारच. त्यांच्या अध्यापनाचे मर्म मला येथे दिसते.

त्यांची पद्धत थोडक्यात सांगतो. थोर वादकांच्या ध्वनिमुद्रिका ऐकून त्यातील बढत स्वरांकित करायची, गाऊन पाहायची, बाराही स्वरस्थानांवरून वाजवायची आणि मग त्यामागचा नियम शोधायचा. एक उदाहरण आपल्याला लगेच समजेल. खमाजच्या अवरोहाचे स्वर घ्या : सा, कोमल नी, ध, प, म, ग, रे, सा. एका मात्रेत दोन स्वर या गतीने ते वाजवले, तर मात्रेच्या ठोक्यावर सा, ध, म, रे येतात. पण स्वरसंघाचे आधारस्वर आहेत सा, ग, प आणि कोमल नी. आता सा आणि कोमल नी यांच्यामध्ये शुद्ध नी घाला. सात स्वरांचे आठ झाले आणि ठोक्यांवर सा, कोमल नी, प, ग असे सगळे आधारस्वर अचूक पडू लागले! चार्ली पार्कर यांच्या पिढीचे वादक हे कानाने करत होते. बेकर यांनी ते हेरले, ‘बीबॉप सप्तक’ या नावाने मांडले आणि पाठ्यपुस्तकांतून सर्वांच्या हाती दिले. हे साम्य केवळ स्वरांचे आहे, रागाचे नव्हे, हे चाणाक्ष श्रोत्यांना सांगायला नको. मुद्दा असा की शास्त्राने येथे कलेला बेडी घातली नाही, तिचे गुपित खुले केले.

आक्षेप मात्र उरतोच. नियम पाठ केलेले शंभर विद्यार्थी शंभर सारखे वादक होतील, ही भीती अनाठायी नाही. पदवी हाती असून मैफलीत उभे राहता न येणारे आपल्याकडेही थोडे नाहीत. मग यावर उतारा कोणता? अभ्यासक्रम बदलून हे साधत नाही, असे माझे मत आहे. उतारा एकच, आणि तो म्हणजे शिकवणाऱ्याने मैफल सोडता कामा नये. बेकर यांनी सोडली नाही. ते रचना करत राहिले आणि दोन दशकांहून अधिक काळ त्यांनी स्मिथसोनियन संस्थेच्या जॅझ वाद्यवृंदाचे नेतृत्व केले. हार्टफर्ड विद्यापीठात सॅक्सोफोनवादक जॅकी मॅक्लीन यांनी आणि ड्यूक विद्यापीठात १९७७ पासून १९८१ मधील आपल्या निधनापर्यंत पियानोवादिका मेरी लू विल्यम्स यांनी हेच केले. त्यांच्या विद्यार्थ्यांना सकाळी वर्गात नियम कळे आणि त्या नियमाशी गुरू कसा खेळतो, एखादी जागा निसटली तर कसा सावरतो, हे मैफलीत दिसे. हे सावरणे कोणत्याही पुस्तकात छापता येत नाही.

बेकर २०१६ साली निवर्तले. बासवादक जॉन क्लेटन, ड्रमवादक पीटर अर्स्किन, ट्रम्पेटवादक क्रिस बोटी हे इंडियानाचे विद्यार्थी. तिघांची वाट निराळी, वादन निराळे. एका साच्यातून मूर्ती घडतात या भीतीला याहून चांगले उत्तर कोणते?

विद्यापीठ सर्व काही देऊ शकत नाही, हेही मान्य करायला हवे. तिकीट काढून आलेला, न आवडल्यास उठून जाणारा श्रोता वर्गात मिळत नाही. म्हणून माझी शाळेच्या चालकांना एक नम्र सूचना आहे. संगीत शिक्षकाच्या वेळापत्रकात त्याच्या स्वतःच्या रियाजाचा तास धरावा आणि वर्षातून एकदा तरी विद्यार्थ्यांसमोर शिक्षकांनीच गावे, वाजवावे. स्नेहसंमेलनात मुलांचे कौतुक आपण करतोच. मुलांना गुरूची परीक्षाही पाहू द्यावी.

ज्या गुरुजींचे आज आपण स्मरण करत आहोत, त्यांच्यासारख्या शिक्षकांचे ऋण भाषणांनी फिटत नाही. ते फिटेल शाळेच्या संगीतवर्गातला तंबोरा जुळलेला राहण्याने.