दुसऱ्या जागेवरचा माणूस

(विहाराच्या वर्धापन दिनी केलेले भाषण)



मला आज धम्मावर बोलायला सांगितलं आहे आणि मी बोलणार आहे एका शाळेच्या फुटबॉल संघावर. पोरं हसायला लागलीच. पण थोडा धीर धरा, मी धम्मावरच येतो.

गोष्ट अमेरिकेतली, 1971 सालची. व्हर्जिनिया राज्यात, वॉशिंग्टनच्या जवळ अलेक्झांड्रिया नावाचं शहर आहे. काळ्या आणि गोऱ्या मुलांच्या शाळा वेगळ्या ठेवणं घटनाविरोधी आहे, असा निकाल तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने 1954 सालीच दिला होता. पण कागदावरचा निकाल माणसाच्या मनात उतरायला किती वर्षं लागतात, हे आपल्याला कुणी शिकवायला नको. घटनेत 17 वं कलम आलं म्हणून गावची विहीर दुसऱ्या दिवशी मोकळी झाली नव्हती.

1971 मध्ये त्या शहराने आपल्या तिन्ही हायस्कुलांतल्या शेवटच्या दोन वर्गांची सगळी मुलं एकाच शाळेत आणली. शाळेचं नाव टी. सी. विल्यम्स हायस्कूल. कालपर्यंत एकमेकांना पाडणारे तीन संघ, त्यांचा आता एकच संघ होणार. काळी पोरं, गोरी पोरं, आणि जागा मोजक्या. भांडणाला आणखी काय पाहिजे?

त्यात मुख्य प्रशिक्षक कोण, हा प्रश्न आला. बिल योस्ट हे गोरे प्रशिक्षक दुसऱ्या हायस्कुलातून आले होते, अनुभवी होते, लोकप्रिय होते. मुख्य जागा त्यांनाच मिळणार असं पुष्कळांनी धरलं होतं. ती दिली गेली हर्मन बून या काळ्या प्रशिक्षकांना. बून यांनी आधी नॉर्थ कॅरोलिनात काळ्या मुलांच्या शाळेला वर्षानुवर्षं सामने जिंकून दिले होते. पण तिथे शाळा एकत्र झाल्या तेव्हा मुख्य जागा त्यांना मिळाली नाही. आपल्याकडच्या पळवणकर बाळूंची आठवण होते. 1911 च्या इंग्लंड दौऱ्यात शंभरावर बळी घेणारा हा चांभार समाजातला गोलंदाज, पण हिंदू संघाचं कप्तानपद जातीमुळे त्यांना कधी मिळालं नाही. ते मिळायला त्यांचे भाऊ विठ्ठल यांना 1923 साल उजाडावं लागलं.

आता योस्ट काय करणार? निघून गेले असते तर त्यांच्यामागून कितीतरी गोरी पोरंही गेली असती आणि संघ तिथेच मोडला असता. पण योस्ट थांबले. बून यांच्या हाताखाली साहाय्यक झाले आणि बचावाची बाजू त्यांनी सांभाळली.

ऑगस्टमध्ये संघ सरावासाठी गेटिसबर्गला नेला. तिथे काळी-गोरी पोरं एकत्र राहिली, एकत्र जेवली, एकत्र घामाघूम झाली. गिरणीतल्या जुन्या लोकांना याचा अर्थ लगेच कळेल. धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागतो, मग आपला धोटा बाटेल, म्हणून आपल्या माणसांना साच्यावर घेत नसत. चांगला पगार तिथेच, म्हणून दारही तिथेच बंद. एका पंगतीत बसणं ही लहान गोष्ट नसते, बाबांनो.

अमेरिकेतला हा फुटबॉल आपल्यासारखा नाही. चेंडू लांबट असतो, तो हातात धरून पळतात, चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकावं लागतं. पळणाऱ्याचं नाव होतं. पण त्याच्यापुढे पाच धिप्पाड पोरं रांगेत उभी असतात, समोरच्यांना अंगावर घेऊन वाट करून देतात. त्यांच्या हाती चेंडू सहसा येतच नाही. रांगेतला एक जण जरी रुसला, 'मी का म्हणून मार खाऊ' म्हणाला, तरी पळणारा जागीच आडवा. गोऱ्याने वाट करायची आणि काळ्याने पळायचं, काळ्याने वाट करायची आणि गोऱ्याने पळायचं, हे त्या पोरांना करून दाखवावं लागलं.

त्यांनी ते दाखवलं. 13 सामने खेळले, 13 जिंकले. डिसेंबरमध्ये रोनोक इथे अँड्र्यू लुईस हायस्कूलला 27 विरुद्ध 0 असं हरवून राज्याचं अजिंक्यपद घेतलं. त्यातलं ते शून्य लक्षात ठेवा. समोरच्याला एक गुण मिळू दिला नाही, ती बचावाची कामगिरी, म्हणजे दुसऱ्या जागेवरच्या माणसाची. पुढे 2000 साली या संघावर सिनेमा निघाला. त्यात थोडं तिखट-मीठ आहे, पण मूळ गोष्ट खरी आहे.

आता धम्माकडे येतो. शाक्य राजपुत्र प्रव्रज्या घ्यायला निघाले, त्यांच्यासोबत उपाली न्हावी होता. राजपुत्रांनी भगवंतांना विनंती केली, आधी उपालीला दीक्षा द्या, म्हणजे तो आम्हाला ज्येष्ठ होईल, आम्ही त्याला वंदन करू आणि आमचा कुळाचा गर्व जिरेल. अडीच हजार वर्षांपूर्वी जे राजपुत्रांनी केलं, त्याच जातीचं काम योस्ट यांनी मैदानावर केलं. दुसऱ्याच्या यशाने आपल्याला आनंद व्हावा, याला धम्मात मुदिता म्हणतात. हरल्यावर हात मिळवणं ही खिलाडूवृत्ती आहेच. पण आपल्याच संघात दुसरी जागा मिळाली तरी पहिल्याइतकं काम करणं, ही त्याहून अवघड खिलाडूवृत्ती.

हे मी दुसऱ्यांना सांगतो, तर आधी स्वतःचं सांगतो. काही वर्षांपूर्वी मला सचिव केलं नाही, म्हणून मी तीन महिने या विहाराची पायरी चढलो नाही. वंदनेची घंटा घरात ऐकू यायची आणि मी दार लावून बसायचो. तोंडाने बाबासाहेबांचं नाव आणि पोटात खुर्ची! आज सर्वांसमोर ते कबूल करतो. माझ्यासारखे इथे आणखीही असतील, त्यांनी आपल्या मनाला विचारावं. एका वस्तीत दोन मंडळं, दोन पावतीपुस्तकं, जयंतीला दोन मिरवणुका, हे कशामुळे होतं? विचार वेगळे आहेत म्हणून नाही, तर दुसरी जागा कुणालाच नको म्हणून.

ज्याच्यावर अन्याय झाला त्याने गप्प बसावं, असं मी म्हणत नाही. बून यांना मुख्य जागा मिळाली, हा न्यायच होता आणि न्यायासाठी भांडावंच लागतं. पण आपल्याच घरातल्या, आपल्याच निळ्या झेंड्याखालच्या माणसाला ती मिळाली, तर त्याच्यासाठी वाट करून देणारी रांग आपण व्हायला हवं.

पोरांनो, तुम्ही कबड्डी खेळता, क्रिकेट खेळता. जिंका, जरूर जिंका. हरलेल्याला चिडवू नका. आणि कप्तान दुसरा झाला, तर त्या दिवशी सर्वांत आधी मैदानावर हजर राहा. एवढं केलंत, तर या वर्धापन दिनाचं सार्थक झालं असं मी समजेन.

नमो बुद्धाय! जयभीम!