युद्ध आता अपडेटमधूनही येते



मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे, युद्धशास्त्राचा अभ्यासक नाही. तरीही आज युद्धावर बोलणार आहे, कारण ज्या कामावर माझे घर चालते, तेच काम आता शस्त्र म्हणूनही वापरले जाते.

२७ जून २०१७ ची गोष्ट. युक्रेनमध्ये असंख्य कंपन्या कराच्या हिशेबासाठी ‘एम.ई.डॉक’ हे सॉफ्टवेअर वापरत. हल्लेखोरांनी त्याच्या अपडेटमध्येच आपला प्रोग्राम घुसवला. ‘नॉटपेट्या’ नावाने तो पुढे ओळखला गेला. तो माहिती कुलूपबंद करून खंडणी मागे. पण पैसे भरले तरी कुलूप उघडण्याची सोयच नव्हती. हेतू कमाईचा नव्हता, नासधुशीचा होता. बँका, सरकारी कार्यालये ठप्प झाली. चेर्नोबिलमध्ये किरणोत्सर्गाची मोजणी माणसांना हाताने करावी लागली.

फेब्रुवारी २०१८ मध्ये अमेरिका आणि ब्रिटनने यासाठी रशियाच्या लष्कराला जबाबदार धरले. रशियाने आरोप फेटाळला.

पण हल्ला युक्रेनपुरता राहिला नाही. मर्स्क या डॅनिश जहाज कंपनीला सुमारे ४,००० सर्व्हर आणि ४५,००० संगणक नव्याने उभे करावे लागले. आपल्या उरणजवळच्या जवाहरलाल नेहरू बंदरात मर्स्क समूहाच्या टर्मिनलचे कामही विस्कळीत झाले. कुठले युद्ध, आणि कंटेनर अडकले कुठे!

१९४९ चे जिनिव्हा करार युद्धातही सामान्य नागरिकांना संरक्षण देतात. आपोआप पसरणारा प्रोग्राम मात्र छावणीतला संगणक कोणता आणि दवाखान्यातला कोणता, हे पाहत नाही.

यातली आणखी एक गोष्ट मला जास्त अस्वस्थ करते. नॉटपेट्या पसरला तो काही अंशी विंडोजमधल्या एका त्रुटीमुळे. ती अमेरिकेच्या एनएसए या गुप्तचर संस्थेला आधीच सापडली होती. तिने ती लगेच दुरुस्त करून घेतली नाही. हत्यार म्हणून जपून ठेवली. ते हत्यार चोरीला गेले आणि एप्रिल २०१७ मध्ये इंटरनेटवर उघड झाले. मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दुरुस्ती दिली होती, पण अनेकांनी ती बसवलीच नव्हती.

परवा मोहल्ल्यातल्या एका मुलाने विचारले, “भाई, सायबर सिक्युरिटीत करिअर करू का?” मी म्हटले, जरूर कर. चांगल्या माणसांची तिथे गरज आहे. पण एक गोष्ट आजच ठरव. उद्या तुला अशी एखादी त्रुटी सापडेल. ती बुजवण्यासाठी कंपनीला कळवशील, की जास्त पैसे देणाऱ्याला गुपचूप विकशील?

तो गप्प बसला. हा प्रश्न मी तुमच्यापुढेही ठेवतो. पगाराचा आकडा समोर आल्यावर उत्तर शोधायला बसू नका. तेव्हा फार उशीर झालेला असतो.