‘देश’ : शब्द एक, विस्तार अनेक



‘देश’ म्हणताच आज मनात उभा राहतो तो आसेतुहिमाचल भारत. परंतु चिपळूणचा जुना माणूस कुंभार्ली घाट चढून पाटण-कऱ्हाडकडे निघाला, की ‘देशावर जातो’ असे म्हणे. त्याच्या लेखी देश म्हणजे घाटमाथ्यापलीकडचा, कृष्णा-कोयनेने पोसलेला मुलूख. देशमुख-देशपांडे या वतनदारांच्या नावातला देश त्याहून लहान, परगण्याएवढा.

संस्कृतात ‘दिश्’ म्हणजे दाखवणे. ‘दिशा’ आणि ‘देश’ ही दोन्ही त्याच धातूची अपत्ये. बोट दाखवून सांगावी ती जागा म्हणजे देश. तिचा विस्तार किती, हे दाखवणाऱ्याच्या दृष्टीवर ठरते.

सांगली जिल्ह्यातील विटा-खानापूर-आटपाडी हा अवर्षणप्रवण टापू. येथील गलाई बांधव सोन्याचांदीच्या शुद्धीकरणाचा व्यवसाय घेऊन भारतभर पसरले. बंगालमध्ये त्यांना कोणी ‘देश’ विचारला, तर उत्तर ‘भारत’ असे अपेक्षित नसते. मूळ गाव विचारलेले असते. केरळात ‘देशम्’ हे पूर्वी गावपातळीवरील विभागाचे नाव होते. त्याच केरळात आज घटकराज्याला ‘संस्थानम्’ म्हणतात, तर सांगलीकरांच्या मनात संस्थान म्हटले की १९४८ साली विलीन झालेले पटवर्धनांचे राज्य येते. तेलुगूत तर घटकराज्यालाच ‘राष्ट्रम्’ हा शब्द आहे.

येथे सावध राहावयास हवे. तेलुगू वक्ता ‘आमचे राष्ट्रम्’ म्हणाला, तर मराठी श्रोत्याला त्यात फुटीरतेचा वास येऊ शकेल. दोष वक्त्याच्या निष्ठेत नसतो. तो श्रोत्याच्या अज्ञानात असतो. ज्याला अवघे राष्ट्र आपले म्हणावयाचे आहे, त्याने बांधवांच्या निष्ठेची परीक्षा घेण्याआधी त्यांचे शब्द शिकावेत. एकात्मता घोषणेने येत नाही. शेजाऱ्याची बोली कानी पडता पडता ती रुजते.

लहान देशावरचे प्रेम मोठ्या देशाच्या आड येते काय? सातारा जिल्ह्यातील केडंबे गावचे तुकाराम ओंबळे यांनी २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री गिरगाव चौपाटीवर दहशतवाद्याची बंदूक धरून ठेवली आणि गोळ्या अंगावर झेलल्या. पोगरवाडीचे कर्नल संतोष महाडिक १७ नोव्हेंबर २०१५ रोजी काश्मीरमधील कुपवाडा जिल्ह्यात धारातीर्थी पडले. दोघांचीही मुळे गावाच्या मातीत होती. त्यांचे बलिदान मात्र अवघ्या भारतासाठी झाले.

आपल्या पूजेतील संकल्पाचा क्रमही असाच आहे. आधी भारतवर्षाचा उच्चार, मग प्रदेशाचा, मग नदीच्या तीराचा. कृष्णाकाठी बसलेला यजमान पळीभर पाणी सोडताना मोठा देश आणि लहान देश एकाच श्वासात उच्चारतो. त्याला त्यात विसंगती वाटत नाही. आपल्यालाही वाटू नये.